शेडला दोन झडपांचा लाकडी दरवाजा, जुलैत न अडकणारा

पुण्यात धायरीला आमच्या रो-हाऊसच्या मागे एक शेड आहे, सहा बाय आठ, चार इंची विटांची भिंत आणि वर पत्रा. आत कुदळ, फावडं, पाइप, कंपोस्टचे डबे आणि गवत कापायचं मशीन. मशीन आत-बाहेर करायचं म्हणजे चार फुटी दार हवं, पण शेडपुढे कंपाउंडपर्यंत जागा साडेतीन फूटच, त्यामुळे एकाच झडपेचं दार अर्धवट उघडून भिंतीलाच लागणार. म्हणून दोन झडपा.

पहिला दरवाजा मी मे महिन्यात केला होता आणि काय सुंदर बसला होता म्हणून सांगू, झडपांच्या मधे कागदसुद्धा जात नव्हता, शेजारच्या काकांना मुद्दाम बोलावून दाखवला. जुलैत तोच दरवाजा उघडायला लाथ मारायला लागली. मग रंधा मारून कडा उतरवल्या, तर डिसेंबरात मधे बोट जाईल एवढी फट आणि आत पालींची वसाहत. दुसऱ्या वेळी जे शिकलो ते इथे लिहितोय, मापं माझ्या शेडची आहेत, तुम्ही तुमच्या हिशोबाने बदला.

आधी लाकूड. भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधे नवीन सागवान मिळतंच, पण शेडच्या दाराला तेवढा खर्च करायला मन होत नाही. मी जुनं सागवान घेतलं. पेठांमधले जुने वाडे पडतात तेव्हा त्यांची तुळया, खांब, तक्तपोशी हे सगळं जुन्या लाकडाच्या वखारींमधे येतं, आणि ते लाकूड कित्येक वर्षं वाळून बसलेलं असल्याने नंतर फारसं वाकत-पिळत नाही. एक भानगड मात्र असते, खिळे. वरून काही दिसत नाही, आत दोन इंचावर मोडलेला खिळा असतो आणि सॉ मिलवाला पातं गेलं की तुमच्याकडेच बघतो. स्पीकरमधलं जुनं चुंबक दोरीला बांधून मी प्रत्येक तुळईवरून हळूहळू फिरवलं, जिथे ते जरा ओढल्यासारखं झालं तिथे खडूने गोल, आणि एका पाच फुटी तुकड्यात मला 11 खिळे सापडले. पटाशीने आजूबाजूचं थोडं लाकूड कोरायचं आणि पकडीने उपटायचे. कंटाळवाणं आहे पण टाळू नका.

बजेट कमी असेल तर पाइनवुड पण चालतं, फक्त ते सागापेक्षा जास्त फुगतं-आकसतं आणि वाळवीला आवडतं, त्यामुळे औषध आणि रंग यात हात आखडता घेऊ नका. प्लायवुडचं दार करू नका असं माझं मत. कडांना पाणी लागलं की पापुद्रे सुटतात, नंतर कितीही फेविकॉल ओता.

आता माप. चौकटीच्या आतलं माप घ्यायचं, रुंदी वर, मधे आणि खाली अशी तीन ठिकाणी, उंची डावीकडे-उजवीकडे, आणि सगळ्यात लहान आकडा धरायचा. दोन्ही कर्ण मोजा, सारखे आले म्हणजे चौकट काटकोनात आहे. ओळंबा लावून दोन्ही उभे खांब बघा, कारण चौकट पुढे झुकलेली असेल तर दार आपोआप उघडत राहतं आणि मागे झुकलेली असेल तर आपोआप बंद होतं, मग लोक बिजागरीला दोष देतात. अजून एक युक्ती, चौकटीच्या चार कोपऱ्यांतून दोन दोऱ्या तिरक्या ताणा, मधे त्या एकमेकींना जेमतेम टेकल्या पाहिजेत. एक दोरी दुसरीला दाबत असेल किंवा मधे अंतर राहत असेल तर चौकट पिळलेली आहे आणि झडपा कितीही सरळ केल्या तरी बंद केल्यावर एक वर आणि एक खाली पुढे आलेली दिसणार. चौकट नवीन बसवत असाल तर तिचे पाय मातीत पुरू नका, खाली कडप्प्याचा तुकडा ठेवा आणि त्यावर उभी करा, वाळवीला निदान थोडे कष्ट पडू देत. मी उंबरा ठेवला नाही, मशीन ढकलत आत जाता यावं म्हणून.

माझ्या चौकटीचं आतलं माप 1200 बाय 1800 मिमी. दोन्ही बाजूंना 3-3 मिमी आणि मधे 4 मिमी फट, म्हणजे 10 गेले, उरले 1190, एका झडपेला 595. वर 3 आणि खाली 12 मिमी सोडून उंची 1785. खालची 12 मिमी बघून आमच्या आई म्हणाल्या उंदीर येतील, आले नाहीत अजून, पण पावसात उडालेली माती तिथे साठते आणि कमी फट असती तर दार खरडलं असतं.

आता मुख्य गोष्ट. लाकूड लांबीत जवळजवळ वाढत नाही, रुंदीत वाढतं. एप्रिलमधे पुण्याची हवा कोरडी ठाक आणि जुलै-ऑगस्टमधे भिंतीसुद्धा ओल्या वाटतात, तेवढ्या फरकात पाच इंची सागाची फळी साधारण एखाद-दीड मिमी फुगते. एकट्या फळीचं काही वाटत नाही, पण दोन झडपांत मिळून दहा फळ्या आहेत, त्या एकमेकींना घट्ट चिकटवल्या तर सेंटिमीटरभर वाढ होते आणि तुम्ही सोडलेल्या 10 मिमीचा सगळा हिशोब संपला. माझ्या पहिल्या दाराचं नेमकं हेच झालं होतं. म्हणून फळ्या एकमेकींना चिकटवायच्या नाहीत, प्रत्येक फळीला आपापल्या जागी फुगू द्यायचं.

त्यासाठी फळ्यांच्या कडांना अर्ध्या जाडीची खाच मारून घ्या, एका कडेला पुढून, दुसऱ्या कडेला मागून, म्हणजे एक फळी दुसरीवर थोडी चढून बसते. सॉ मिलमधे किंवा सुताराकडे राउटरवर, म्हणजे खाचा मारायच्या मशीनवर, हे काम झटक्यात होतं. फळी 20 मिमी जाड, 127 मिमी रुंद, खाच 12 मिमीची. बसवताना 10 मिमी चढवायची आणि 2 मिमी फट ठेवायची. पाच फळ्या म्हणजे 635, त्यातून चार सांध्यांचे 40 गेले, बरोबर 595. फट वरून दिसते पण आरपार उजेड येत नाही, पावसाची तिरकी झड आत येत नाही. हे उन्हाळ्यातलं माप आहे हं. भर पावसात करत असाल तर लाकूड आधीच फुगलेलं असतं, तेव्हा फट 1 मिमीच ठेवा, नाहीतर मे महिन्यात जास्तच उघडी पडेल. शेवटच्या फळ्यांच्या बाहेरच्या कडांना खाच मारायची नाही, मी सवयीने एकीला मारून बसलो आणि ती फळी वाया.

दोन्ही झडपा जमिनीवर शेजारी शेजारी, पालथ्या मांडून एकदमच बनवा. एक पूर्ण करून मग दुसरी केली की आडव्या पट्ट्या एका रेषेत येत नाहीत, आणि ते रोज चहा पिताना खिडकीतून दिसतं. प्रत्येक झडपेला मागून तीन आडव्या पट्ट्या, 100 मिमी रुंद आणि 25 जाड. वरची पट्टी वरच्या कडेपासून साधारण 120 मिमी खाली, खालची खालून 150 वर, तिसरी मधोमध. पट्ट्या झडपेच्या पूर्ण रुंदीच्या कापू नका, बिजागरीच्या बाजूला 35 मिमी आखूड ठेवा, कारण तिथे चौकटीला आतून एक इंची स्टॉपरची, म्हणजे बंद दार टेकायची, पट्टी येते आणि दार बंद होताना ती मधे येईल. स्क्रू 40 मिमीचे, स्टेनलेसचे, पट्टीच्या बाजूने मारा, म्हणजे बाहेरून एकही डोकं दिसत नाही. आधी ड्रिलने बारीक भोक पाडायचंच, जुनं सागवान कडक असतं, फाटतं. प्रत्येक फळीला प्रत्येक पट्टीतून दोनच स्क्रू, फळीच्या मध्याजवळ, एकमेकांपासून दोन इंचावर. अगदी कडांजवळ मारले तर फळी दोन्हीकडून धरली जाते आणि फुगायला लागली की मधोमध तडकते. फेविकॉल इथे नको.

आता तिरकी पट्टी, जिच्यात मी सगळ्यात मोठा घोळ घातला. तिरक्या पट्टीचं खालचं टोक बिजागरीकडे आणि वरचं टोक झडपेच्या उघडणाऱ्या कडेकडे हवं. झडपेचं वजन त्या पट्टीवरून खाली दाबत दाबत बिजागरीकडे उतरतं, खुंटीच्या फळीला खालून तिरका आधार देतो ना, तसंच. उलटी लावली तर तिच्यावर ताण येतो आणि तो ताण फक्त दोन-चार स्क्रू धरून असतात. पहिल्या वेळी मी एक पट्टी कापली, तिच्यावर बाकीच्या आखल्या आणि दोन्ही झडपांना एकाच दिशेने ठोकल्या. गणपतीपर्यंत एक झडप जागच्या जागी आणि दुसरी चार सूत खाली, म्हणजे अर्धा इंच, कडी कोयंड्यात जाईना. तेव्हा ठोकायच्या आधी उभं राहून बघा, दोन झडपा मिळून घराच्या छपरासारखा आकार दिसला पाहिजे, मधे टोक वर. आमच्यात तीन आडव्या पट्ट्या म्हणजे दोन मजली छप्पर. कपबशीसारखं मधे खोल दिसलं तर उलटं झालंय. तिरक्या पट्टीची टोकं आडव्या पट्टीला घट्ट टेकली पाहिजेत, तिथे फट राहिली तर पट्टी नुसती शोभेची.

टांगायच्या आधी तेल किंवा रंग, सगळ्या सहा बाजूंना. पुढून-मागून रंगवून लोक खालची कड सोडतात आणि पाणी तिथूनच वर चढतं, कारण फळीच्या टोकाला लाकडाच्या नळ्या उघड्या असतात. वरच्या-खालच्या टोकांना मी तीन हात दिले, बाकी ठिकाणी दोन. मी जवसाचं तेल लावलं. तेलाचे बोळे गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, जवसाचं तेल वाळताना तापतं आणि चिंध्यांचा ढीग आपोआप पेट घेऊ शकतो. उघड्यावर एकेक पसरून वाळवा किंवा पाण्याच्या डब्यात बुडवून ठेवा.

बिजागऱ्या टी आकाराच्या, बारा इंची, प्रत्येक झडपेला तीन. रविवार पेठेत बोहरी आळीत हवी ती साइझ मिळते, हातात घेऊन वजन बघा, पातळ पत्र्याची घेऊ नका, एक झडप वीसेक किलो भरते. लांब पट्टी बाहेरून, बरोबर आतल्या आडव्या पट्टीवर आली पाहिजे म्हणजे 35 मिमीचा स्क्रू फळीतून जाऊन तिच्यात रुततो.

टांगताना दुसरा माणूस लागतो, आमच्याकडे मेव्हण्याला बोलावलं, जेवणाच्या बोलीवर. झडपेखाली 12 मिमी प्लायचे दोन तुकडे ठेवायचे, बाजूच्या फटीत जुनी एटीएम कार्डं. एका कार्डाची जाडी साधारण पाऊण मिमी, चार एकत्र धरली की 3 मिमी, आणि एक्स्पायर झालेली कार्डं प्रत्येकाच्या ड्रॉवरमधे असतातच. वर-खाली लाकडी पाचर मारून झडप घट्ट बसवा, मग वरच्या आणि खालच्या बिजागरीला चौकटीत एकेकच स्क्रू, पाचर काढा, उघडून-मिटून बघा. तिन्ही बिजागऱ्या ज्यांच्यावर फिरतात त्या पिना एका उभ्या रेषेत नसतील तर दार करकरतं आणि अर्ध्यात अडतं. समाधान झालं की बाकीचे स्क्रू, मग स्टॉपरच्या पट्ट्या, त्या शेवटीच मारा, झडपेला नुसत्या टेकवून.

दोन झडपांतली एक कायम बंद राहणारी ठरवा. तिला आतून वर आणि खाली टॉवर बोल्ट, वरचा स्टॉपरच्या पट्टीत भोक पाडून बसतो. रोज उघडायच्या झडपेला बाहेरून पावणेदोन इंची उभी पट्टी मारायची, अर्धी पुढे आलेली, ती दुसऱ्या झडपेवर चढून मधली फट झाकते. ही पट्टी बंद झडपेला मारली तर रोजची झडप बाहेर उघडणारच नाही, हसू नका, मेव्हण्याने तेच सुचवलं होतं. कडी-कोयंड्याला बाहेरून स्क्रू नकोत, आरपार बोल्ट आणि आतून नट, नाहीतर स्क्रूड्रायव्हर असलेला कोणीही आत.

आमच्या शेडचं तोंड पश्चिमेला आहे आणि पुण्याचा पाऊस त्याच अंगाने येतो, म्हणून दारावर पत्र्याची सहा इंची पागोळी काढली. खालच्या बोल्टसाठी कोब्यात भोक पाडून जीआय पाइपचा दोन इंची तुकडा बसवलाय. तो महिन्याभरात मातीने भरतो आणि बोल्ट खाली जात नाही, म्हणून दाराच्या मागे खिळ्याला एक जुना टूथब्रश टांगून ठेवलाय.