वन्यजीव कॉरिडॉरचा नकाशा आणि देखभाल: या चुका टाळा

दोन अभयारण्यांच्या मधल्या जागेत हिरवा पट्टा रंगवायचा आणि त्याला कॉरिडॉर, म्हणजे प्राण्यांची ये-जा करण्याची वाट, म्हणायचं, ही सवय जुनी आहे. अहवालात असा नकाशा देखणा दिसतो. पुढे त्याच जागेवरून रेल्वेमार्गाचा किंवा खाणीचा प्रस्ताव येतो, 'पट्टा इथेच का, दोन किलोमीटर पलीकडे का नाही?' असं कुणीतरी विचारतं, आणि नकाशा करणाऱ्याची त्रेधा उडते. अशा वेळी सॉफ्टवेअरला दोष देण्यात अर्थ नसतो. प्राणी कसा चालतो याबद्दल आपण जे गृहीत धरलं, तेच त्याने रंगवून दिलेलं असतं.

'वन्यप्राण्यांसाठी' म्हणजे नेमकं कोणासाठी?

वयात आलेला वाघ किंवा लांडगा मधला पट्टा काही रात्रींत पार करतो. वाटेत पाणी आणि दिवसा दडायला आडोसा मिळाला की त्याचं भागतं. बेडकांना किंवा सरड्यांना तेवढंच अंतर कापायला कित्येक पिढ्या लागतात, म्हणजे त्यांना त्या पट्ट्यात राहून, पिल्लं वाढवून पुढे सरकता आलं पाहिजे. वाघाची वाट राखली की बाकीच्यांची आपोआप राखली जाते, हे अर्धंच खरं. प्रजाती आधी ठरवा, प्रत्येकीचा नकाशा वेगळा करा आणि मगच ते एकावर एक ठेवा.

राहण्याच्या जागेवरून चालण्याची वाट ठरवणं

माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. प्रतिरोधाचा थर, म्हणजे कुठून चालणं किती अवघड याचा नकाशा, तयार करताना अधिवासाचा नकाशा सरळ उलटा केला जातो. जंगल चांगलं म्हणून तिथे प्रतिरोध कमी, शेत वाईट म्हणून तिथे जास्त. पण ज्या शेतात वाघ कधी मुक्काम ठोकणार नाही, तेच शेत तो रात्रीतून ओलांडून जातो. टिपेश्वर अभयारण्यात रेडिओ कॉलर (ठावठिकाणा कळवणारा गळपट्टा) लावलेला एक तरुण नर वाघ २०१९ च्या जूनमध्ये बाहेर पडला आणि पाच-सहा महिन्यांत १,३०० किलोमीटरहून अधिक चालून ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. वाटेत शेतं होती, रस्ते होते, गावांचे शिवार होते. नुसतं जंगल आणि बिगरजंगल एवढंच पाहणाऱ्या मॉडेलला, म्हणजे प्रतिरोधाच्या आकड्यांवरून वाट काढणाऱ्या गणिताला, ही वाट सुचणं अवघड.

यावर उपाय आहे. अधिवासाचं रूपांतर प्रतिरोधात करताना सरळ रेषेचं गणित सोडा. मध्यम दर्जाच्या जागेचा प्रतिरोधही कमीच राहू द्या, अगदी टाकाऊ जागांवर मात्र तो झपाट्याने वाढू द्या. कॉलरच्या नोंदी हाताशी असतील तर आपल्या हद्दीत स्थिरावलेल्या प्राण्यांच्या नोंदी आणि नव्या हद्दीच्या शोधात निघालेल्या तरुणांच्या नोंदी वेगळ्या करा. नोंदीच नसतील आणि आकडे जाणकारांना विचारून भरले असतील, तर ते बदलून बदलून मॉडेल पुन्हा चालवा. आकडे हलवले तरी जो पट्टा जागचा हलत नाही, त्यावर भरवसा ठेवावा. जो दर वेळी उडी मारतो, तो तुमच्या आकड्यांनीच जन्माला घातलेला असतो.

नकाशा विचित्र दिसत असेल तर

मार्ग महामार्गाला एखाद्या कोपऱ्यात बेमालूम छेदून जातोय? रास्टरमध्ये, म्हणजे छोट्या चौकटींनी बनलेल्या नकाशात, रस्ता एका पिक्सेलच्या (एका चौकटीच्या) जाडीचा असला की दोन तिरक्या पिक्सेलांच्या मधल्या फटीतून मार्ग निसटतो. रस्ता रास्टर करण्याआधी दीड-दोन पिक्सेल जाड करून घ्या.

पट्टा अभ्यासक्षेत्राच्या कडेला चिकटून धावतोय? कडेपलीकडचं जग मॉडेलला दिसत नाही, म्हणून सगळी हालचाल कडेशी दाटते. चारही बाजूंनी ऐसपैस जास्तीचं क्षेत्र घेऊन मॉडेल चालवा आणि निकाल नंतर कापा. अंतरं पटत नसतील तर थर अक्षांश-रेखांशात आहे की मीटरमध्ये, ते आधी बघा.

कालवा नकाशातून गायब होण्याचं कारण बहुधा पिक्सेल मोठा करण्यात असतं. अरुंद पण उभ्या काठांचा सिमेंटचा कालवा हरणांसाठी जीवघेणा ठरतो, आणि सरासरी काढताना सगळ्यात आधी तोच पुसला जातो.

रेघ तर नेहमीच निघते

दोन टोकं दिली की लीस्ट-कॉस्ट पाथ, म्हणजे सगळ्यात कमी प्रतिरोधाचा मार्ग शोधणारा हिशेब, वाटेत अख्खं शहर असलं तरी एक मार्ग काढून देतो. 'वाट नाही' असं उत्तर तो सहसा देत नाही. त्यामुळे रेघ मिळाल्याचा आनंद बाजूला ठेवून त्या मार्गाचा एकूण खर्च, म्हणजे वाटेतल्या प्रतिरोधाची बेरीज, तपासा आणि तो त्या प्राण्याच्या आवाक्यातला आहे का, हे पाहा. शिवाय ती रेघ एका पिक्सेलच्या रुंदीची असते. तिच्या आजूबाजूला जवळपास तेवढ्याच खर्चाच्या किती वाटा आहेत, हे जास्त कामाचं.

सर्किटस्केप हे सॉफ्टवेअर इथे उपयोगी पडतं. त्यासाठी संशोधक ब्रॅड मॅक्रे यांनी विजेच्या मंडलाचं गणित भूप्रदेशाला लावलं. प्रवाह जिथे दाटतो तिथे हालचाल एकवटते. पण या रंगांचं वाचन हमखास चुकतं. लालभडक जागा 'उत्तम कॉरिडॉर' म्हणून मिरवली जाते, खरं तर बहुतेकदा ती गळचेपीची जागा असते, दुसरी वाट उरलेली नसल्याने सगळे तिथूनच जाणार. उलट मोकळ्या, सलग जंगलात प्रवाह पसरतो, रंग फिका पडतो आणि ती जागा बिनमहत्त्वाची म्हणून सोडून दिली जाते. फिका रंग दिसला की प्रतिरोधाचा थर शेजारी उघडून बघा. तिथे प्रतिरोध कमी असेल तर ते आरोग्याचं लक्षण आहे, जास्त असेल तर वाट खरंच बंद आहे.

पडताळणीत होणारी फसवणूक

ज्या नोंदींवर मॉडेल बांधलं, त्यांच्यावरच ते तपासू नका. कॅमेरा ट्रॅप (प्राणी समोरून गेला की आपोआप फोटो काढणारे कॅमेरे) फक्त जंगलातल्या गाडीवाटांवर लावले तर शेतातून जाणारे प्राणी दिसणारच नाहीत. विष्ठेतल्या डीएनएवरून प्राण्यांच्या दोन गटांत जनुकांची देवाणघेवाण दिसली की सगळे निर्धास्त होतात. पण जनुकांमधला दुरावा दिसायला पिढ्या जातात. अलीकडेच तुटलेली वाट तिथे अजून शाबूत दिसू शकते.

बांधकाम झालं म्हणजे काम झालं?

पेंच व्याघ्र प्रकल्पाजवळ राष्ट्रीय महामार्ग ४४ च्या महाराष्ट्रातल्या भागात प्राण्यांना ओलांडण्यासाठी ९ बांधकामं आहेत, त्यातलं सर्वांत लांब ७५० मीटरचं. कॅमेऱ्यांनी तिथे १८ प्रजातींचे वन्यप्राणी टिपले, त्यात वाघही होते. कॅनडातल्या बॅन्फ राष्ट्रीय उद्यानात महामार्गाला कुंपण आणि ओलांडण्याच्या जागा अशी जोडी दिल्यावर वाहनांना प्राणी धडकण्याचं प्रमाण ८० टक्क्यांहून अधिक घटलं. कुंपणाविना नुसता भुयारी मार्ग बांधला तर बरेच प्राणी डांबरावरूनच जातात, आणि कुंपण मधेच संपलं तर अपघात त्या टोकाशी गोळा होतात.

बॅन्फमध्ये आणखी एक गोष्ट दिसली. ग्रिझली अस्वलांना हे मार्ग आपलेसे करायला काही वर्षं लागली. वर्षभरात फोटो आले नाहीत म्हणून प्रकल्प फसला असं ठरवणं घाईचं आहे. ग्रिझली आणि एल्क (मोठ्या आकाराचं हरीण) उंच, रुंद, मोकळे मार्ग पसंत करतात, तर काळी अस्वलं आणि कूगर (अमेरिकेतला मोठा रानमांजर-कुळातला शिकारी) अरुंद बोगदेही चालवून घेतात. एकाच मापाचे दहा मार्ग बांधण्यापेक्षा वेगवेगळे बांधा.

प्राणी फिरकत नसतील तर मार्गाला दोष देण्याआधी रात्री जाऊन बघा. दिवे लागलेले असतात, ट्रक उभे असतात, पाणी तुंबलेलं असतं. पुलाच्या दोन्ही तोंडांशी कुणाची जमीन आहे, हे तर बांधण्याआधीच पाहायचं. तिथे उद्या तारेचं कुंपण किंवा गोदाम उभं राहिलं, तर पूल जागच्या जागी निकामी होतो. म्हणून गळचेपीच्या जागांची यादी जमिनीच्या नोंदींशी जोडून ठेवा, उपग्रहचित्रं दर वर्षी ताजी करा, आणि नवं बांधकाम दिसताच कुणी कुणाला कळवायचं, ते लेखी ठरवून ठेवा.