‘अ ट्रिप टू द मून’ कसा बघावा: माझी तीन फेऱ्यांची पद्धत

पहिल्यांदा मी हा चित्रपट बघितला तो धूसर, भरधाव पळणाऱ्या प्रतीत, वर अखंड पियानो. पाचव्या मिनिटाला बंद केला. आता कुणालाही दाखवताना माझा एकच आग्रह असतो: तीनदा बघा. जेमतेम पाव तासाचा तर आहे.

पहिल्या फेरीत आवाज बंद ठेवा. याचा दिग्दर्शक जॉर्ज मेलिएस मुळात जादूगार. 1902 साली पॅरिसजवळच्या आपल्या काचेच्या स्टुडिओत त्याने कॅमेरा नाटकाच्या प्रेक्षकासारखा एका जागी बसवला. कुठे बघायचं हे कॅमेरा सांगत नाही, म्हणून रंगवलेल्या पडद्यांच्या कोपऱ्यांतही नजर फिरू द्या. चंद्राचा चेहरा मोठा होत जातो तेव्हाही कॅमेरा जागचा हलत नाही, चंद्रच पुढे येतो. यान त्याच्या डोळ्यात घुसतं आणि पुढच्या दृश्यात पुन्हा चंद्रावर उतरतं. ही चूक नव्हे. एकच घटना आधी दुरून, मग जवळून दाखवली आहे.

दुसऱ्या फेरीत बोट पॉजच्या बटणावर. सुरुवातीलाच खगोलशास्त्रज्ञांच्या हातातल्या दुर्बिणींची स्टुलं होतात, तिथे थांबा. मग गुहेत रोवलेली छत्री भूछत्र होते, तिथे. मग छत्रीचा फटका बसताच चंद्रवासी धूर होऊन उडतो, तिथे मात्र एकेक फ्रेम पुढे सरका. कॅमेरा थांबवायचा, नट बाजूला करायचा, धूर सोडायचा, पुन्हा सुरू करायचं. नंतर फिल्म कापून सांधा बेमालूम जुळवायचा. सांधा सापडला तरी जादू ओसरत नाही, उलट त्या हातांबद्दल आदर वाटतो.

तिसरी फेरी रंगीत प्रतीची. हे रंग ब्रशने, फ्रेमवर फ्रेम भरलेले आहेत. ही प्रत 1993 मध्ये बार्सिलोनात सापडली, तेव्हा फिल्मची वेटोळी चिकटून घट्ट झाली होती. ती सोडवून दुरुस्त केलेली आवृत्ती 2011 मध्ये कान चित्रपट महोत्सवात दाखवली गेली. रंग कडेबाहेर थरथरतात, ते थरथरणंच बघा.

शेवटची मिरवणूक असलेलीच प्रत निवडा; बऱ्याच प्रतींतून ती गळलेली असते. पकडून आणलेल्या चंद्रवासीला तिथे मारून नाचवतात. त्या शास्त्रज्ञांचा मला दरवेळी राग येतो. मग दिसतो त्यांच्या नेत्याचा पुतळा, चंद्रावर पाय रोवून उभा. या नेत्याची भूमिका मेलिएसनेच केली आहे.