दहा-बारा लिटरच्या काचपेटीसाठी माशांची निवड

मासे निवडण्यापूर्वी पेटीत प्रत्यक्ष किती पाणी मावते ते मोजावे. लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये घेऊन त्यांच्या गुणाकाराला हजाराने भागले की लिटर मिळतात. 30 × 20 × 20 सेंटिमीटरची पेटी या हिशेबाने 12 लिटरची ठरते. तळाची वाळू, दगड आणि वरची मोकळी जागा वजा केल्यावर मात्र तीत नऊ-दहा लिटरच पाणी उरते. मासे ठरवायचे ते या उरलेल्या पाण्यावरून.

पाणी जितके कमी, तितके ते लवकर बिघडते. मासे कल्ल्यांवाटे अमोनिया सोडतात आणि तळाशी कुजणारे उरलेले खाणे त्यात भर घालते. फिल्टरच्या स्पंजवर वाढणारे जीवाणू या अमोनियाचे आधी नायट्राइट आणि नंतर बरेच कमी घातक असे नायट्रेट करतात. पण त्यांची वसाहत तयार व्हायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. त्यामुळे पेटी आणि मासे एकाच दिवशी घरी आणणे ही अगदी वाईट सुरुवात होय.

‘एका लिटरला एक सेंटिमीटर मासा’ हा सर्रास सांगितला जाणारा हिशेब लहान पेटीत फसवा ठरतो. माशाचे वजन लांबीच्या प्रमाणात नव्हे, तर जवळपास तिच्या घनाच्या प्रमाणात वाढते. म्हणून दहा सेंटिमीटरचा एक मासा दोन सेंटिमीटरच्या पाच माशांपेक्षा कितीतरी अधिक घाण करतो. शिवाय मोजायची ती पूर्ण वाढलेल्या माशाची लांबी. दुकानात बोटाएवढा दिसणारा गोल्डफिश पुढे वीतभर होतो, आणि काच साफ ठेवतो म्हणून विकला जाणारा सकर फूटभर किंवा त्याहूनही मोठा वाढतो. हे दोन्ही, आणि त्यांच्यासोबत एंजल मासाही, यादीतून सरळ काढून टाकावेत.

लांबी जमली तरी सवय जमेलच असे नाही. झेब्रा डॅनिओ जेमतेम चार सेंटिमीटरचा असतो. तरी तो सतत वेगाने पोहणारा आणि थव्याने राहणारा मासा असल्याने तीस सेंटिमीटरच्या पेटीत त्याची घुसमट होते. निऑन टेट्रालाही किमान सहा जणांची सोबत लागते, आणि सहा जणांना हे पाणी पुरत नाही.

एवढ्या पाण्यात सर्वांत योग्य मासा म्हणजे एकटा फायटर. मूळचा थायलंडकडचा हा मासा शेपटीसकट सहा-सात सेंटिमीटरचा असतो, संथ असतो आणि त्याला सोबत नकोच असते. दोन नर एकत्र ठेवल्यास ते एकमेकांना फाडतात. डोक्यातील लॅबिरिंथ नावाच्या अवयवामुळे तो पृष्ठभागावर येऊन हवेतला प्राणवायू घेऊ शकतो, आणि वीज जाऊन हवेचा पंप बंद पडणाऱ्या गावांत हा गुण मोलाचा आहे. याचा अर्थ तो चहाच्या पेल्यात सुखाने राहतो असा मात्र नव्हे. त्याला साधारण 24 ते 28 अंश सेल्सिअस तापमान लागते, म्हणून पुणे-नाशिककडच्या हिवाळ्यात लहान हीटर लावावा. फिल्टरचा प्रवाह मंद ठेवावा, कारण लांब शेपटीचा नर जोरदार प्रवाहात थकून जातो. झाकण हवेच, तो उडी मारतो.

रंगीत पण आणखी लहान मासा हवा असेल, तर ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातील स्कार्लेट बॅडिसचा विचार करता येतो. त्याचा नर दोन सेंटिमीटरच्या आसपास असतो. अडचण खाण्याची आहे: कोरडे दाणे तो सहसा घेत नाही, त्याला आर्टेमियाची (खाऱ्या पाण्यातील कोळंबीसारख्या बारीक जिवाची) पिल्ले किंवा तत्सम जिवंत खाद्य द्यावे लागते. ते रोज जमणार नसेल तर हा मासा घेऊ नये. केरळचा चिमुकला पी पफर दिसायला मोहक आहे, पण तो भांडखोर आहे, गोगलगाईंवर जगतो आणि नैसर्गिक अधिवासात धोक्यात आला आहे. नवख्या माणसाने त्याच्या वाटेला जाऊ नये.

गप्पीची गोष्ट वेगळी आहे. डासांच्या अळ्या खातात म्हणून आरोग्य विभाग ते पाणीसाठ्यांत सोडतो, त्यामुळे ते सहज मिळतात आणि क्षारयुक्त (कठीण) पाण्यातही तगतात. मात्र मादीला महिन्याभरात पिल्ले होतात, आणि एकदा साठवलेल्या बीजावर ती नराविनाही पुढे अनेकदा विते. ठेवायचेच असतील तर पेटी वीसेक लिटरची घ्यावी आणि तीन-चार नरच ठेवावेत. वाढलेली पिल्ले ओढ्यात सोडू नयेत, कारण ही जात मूळची दक्षिण अमेरिकेतली आहे आणि स्थानिक माशांच्या मुळावर येते. मासाच हवा असा हट्ट नसेल, तर आठ-दहा चेरी श्रिम्प (चिमुकल्या लाल कोळंब्या) आणि भरपूर जावा मॉस (पाण्यात वाढणारे शेवाळासारखे झाड) एवढ्यावरही छान पेटी उभी राहते. फायटरसोबत ते ठेवू नयेत. तो पिल्ले खातो.

दुकानात मासा निवडताना तो आपल्यासमोर खातो का, हे पाहावे. पर अंगाला चिकटवून तळाशी पडलेला, अंगावर मीठ भुरभुरल्यासारखे पांढरे ठिपके असलेला किंवा पोट खपाटीला गेलेला मासा घेऊ नये. शेजारच्या काचेत मेलेले मासे तरंगत असतील, तर त्या दिवशी तिथून काहीच घेऊ नये. घरी आणल्यावर पिशवी अर्धा तास पेटीत तरंगत ठेवावी, मग थोडे थोडे पेटीतले पाणी तीत मिसळावे आणि मासा जाळीने आत सोडावा. पिशवीतले पाणी पेटीत ओतू नये. पहिल्या दिवशी खाणे देऊ नये आणि दिवा बंद ठेवावा.