बेडका मागितला, लाळ आली: क्षयनिदानावर थीसिस करणाऱ्यांनो, या चुका टाळा

थीसिस जमा करायला महिना उरला की माझ्या टेबलासमोर लॅपटॉप उघडायला लागतात. वाक्य ठरलेलं असतं: "मॅडम, डेटा तयार आहे, फक्त सेन्सिटिव्हिटी-स्पेसिफिसिटी काढून द्या." टेस्ट आजाऱ्यांपैकी किती टक्के पकडते ती सेन्सिटिव्हिटी, निरोगींपैकी किती टक्क्यांना बरोबर निगेटिव्ह ठरवते ती स्पेसिफिसिटी. ही काढायला पाच मिनिटं लागतात. पण तक्त्यावरून नजर फिरवली की कळतं, घोटाळा पहिल्याच दिवशी झालाय आणि आता तो कुठल्याही सॉफ्टवेअरने निस्तरणार नाही.

सगळ्यात जुना घोटाळा डबीतला. काही वर्षांपूर्वी एक पोरगा तालुक्याच्या ठिकाणी स्मिअर (बेडका काचेवर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली जंतू शोधणं) आणि सीबीनॅट (बेडक्यातला जंतूंचा डीएनए शोधणारं मशीन) यांची तुलना करत होता. स्मिअर पॉझिटिव्ह फारच कमी निघत होते, त्यातही बायका हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. त्याने कारणही शोधून ठेवलं होतं: बायकांच्या फुप्फुसात जंतूंचा भार कमी असतो. त्यावर डिस्कशनमध्ये दोन परिच्छेद लिहूनही झाले होते. मी विचारलं, नमुने कोण घेतं? म्हणाला, "अटेंडंट." तू कधी बघितलंस? गप्प.

दुसऱ्या दिवशी त्याला घेऊन तिकडे गेले. ओपीडीची रांग, खिडकीच्या कट्ट्यावर डब्यांची ओळ, आणि अटेंडंटचं एकच पालुपद, "ताई, यात थुंका." एका बाईने भिंतीकडे तोंड केलं, पदर ओढला आणि पंधरा माणसांच्या देखत जेवढं थुंकता आलं तेवढं थुंकून डबी परत दिली. मी ती उजेडाकडे धरली. पाण्यासारखं स्वच्छ, वर फेसाचे चार बुडबुडे. निव्वळ लाळ! स्लाइडवर क्षयाचा जंतू दिसायला एक मिलिलिटर बेडक्यात साधारण ५,००० ते १०,००० जंतू लागतात. ते लाळेत कुठून येणार? बाईने सांगितलं तेच केलं होतं. तिला थुंकायला सांगितलं होतं, खोकायला नाही.

दवाखान्याच्या मागे एक लिंबाचं झाड होतं. नमुना द्यायची जागा तिथे हलवली. मोकळी हवा असल्याने जंतू साचून राहत नाहीत आणि आडोसाही मिळतो. नर्सताईंना सांगितलं, नुसतं बोलू नका, करून दाखवा: चूळ भरायची, दोनदा खोल श्वास घेऊन सोडायचा, तिसऱ्यांदा छाती भरून घ्यायची आणि आतून खोकायचं. आठवड्याभरात डब्यांचं रूप पालटलं. पोराने ते दोन परिच्छेद स्वतःच्या हाताने खोडले. आधीचे सगळे नमुनेही बाद केले, तेव्हा त्याचा चेहरा बघवत नव्हता.

यात माझी अक्कल काही नाही. रावळपिंडीत नेमक्या याच गोष्टीची चाचणी झाली होती आणि ती २००७ साली 'लान्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आली. बेडका कसा काढायचा हे समजावून सांगितलेल्या बायकांमध्ये स्मिअर पॉझिटिव्हचं प्रमाण १३ टक्के निघालं, न सांगितलेल्यांत ८. नवं मशीन नाही, नवं औषध नाही.

तेव्हापासून माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक प्रोफॉर्मात (पेशंटची माहिती भरायच्या फॉर्मात) एक रकाना सक्तीचा आहे: नमुना दिसायला कसा होता. लाळ, चिकट, पूमिश्रित की रक्तमिश्रित. आणि पहिले दहा नमुने विद्यार्थ्याने स्वतः उभं राहून घ्यायचे. "मॅडम, तेवढा वेळ नाही" म्हणणाऱ्याला मी दुसरा विषय सुचवते.

माझा दुसरा आवडता राग: पेशंट म्हणून वॉर्डातले खंगलेले, दोन्ही फुप्फुसं पोखरलेले रुग्ण आणि कंट्रोल, म्हणजे तुलनेसाठी, होस्टेलची धडधाकट नर्सिंगची पोरं. अशा जोडीत टेस्ट चांगली ठरेल नाही तर काय होईल! वॉर्डाच्या दारात उभं राहूनही हा फरक सांगता येतो. टेस्टची खरी परीक्षा असते ती दोन आठवडे खोकला असलेल्या, दमा असेल की क्षय की विडीचा खोकला, हे न कळणाऱ्या माणसांत. १९९९ साली 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात लायमर आणि सहकाऱ्यांनी वेगवेगळ्या चाचण्यांवरचे अभ्यास तपासले. अशी 'आजारी विरुद्ध निरोगी' जोडी लावली की टेस्टचा डायग्नॉस्टिक ऑड्स रेशो (आजारी आणि निरोगी यांना टेस्ट किती चांगलं वेगळं करते ते सांगणारा आकडा) सुमारे तिप्पट फुगतो, असं त्यात दिसलं.

या फुगवट्याची किंमत आपण मोजलेली आहे. रक्तातल्या अँटिबॉडीवरून क्षय सांगणाऱ्या किट बाजारात धडाक्यात विकल्या जात होत्या. २०११ साली जागतिक आरोग्य संघटनेने त्या वापरू नका म्हणून बजावलं आणि २०१२ मध्ये भारत सरकारने त्यांवर बंदी घातली. तोवर रिपोर्ट हातात घेऊन नसलेल्या क्षयाच्या गोळ्या खाणारे पेशंट मी बघितलेत.

याचंच धाकटं भावंड म्हणजे वॉर्डातला प्रेडिक्टिव्ह व्हॅल्यूचा (पॉझिटिव्ह आलेल्यांपैकी खरे आजारी किती, याचा) आकडा गावात नेणं. समजा टेस्टची सेन्सिटिव्हिटी ९० टक्के, स्पेसिफिसिटी ९५. वॉर्डात निम्म्यांना क्षय असेल तर १०० पॉझिटिव्हमधले जवळजवळ ९५ खरे. आता तीच टेस्ट गावात सरसकट १०,००० जणांना करा. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय पाहणीत १५ वर्षांवरच्यांत फुप्फुसाच्या क्षयाचं प्रमाण लाखाला ३१६ निघालं, म्हणजे तुमच्या १०,००० मध्ये ३२. त्यातले २९ सापडतील, आणि त्यांच्यासोबत निरोगी असलेले ४९८ जणही पॉझिटिव्ह म्हणून घरी जातील. ही आकडेमोड मी पोरांना कागदावर करायला लावते, मोबाइल बाजूला ठेवून.

तिसरी गोष्ट घाईची. कल्चरला, म्हणजे नमुन्यातले जंतू लॅबमध्ये वाढवायला, वेळ लागतो, एलजे मीडियम या त्यांच्या खाद्यावर आठ आठवड्यांपर्यंत, म्हणून कसोटीचं निदान (टेस्ट ज्याच्याशी ताडून बघायची ते) 'फिजिशियनचं मत' असं ठरवून मोकळं व्हायचं. ते मत बनलं कशावरून? सीबीनॅटच्या रिपोर्टवरून. आणि तपासताय काय, तर सीबीनॅट. स्वतःच परीक्षार्थी, स्वतःच परीक्षक. आठ आठवडे थांबायची तयारी नसेल तर क्षयाच्या वाटेला जाऊ नये.

सीबीनॅट पॉझिटिव्ह आणि कल्चर निगेटिव्ह असे बरेच निघाले, तर मशीनला शिव्या घालायच्या आधी दोन गोष्टी बघा. पेशंटने पूर्वी क्षयाचे उपचार घेतलेत का? मेलेल्या जंतूंचा डीएनएही मशीनला दिसतो. दुसरं, डीकंटॅमिनेशनला (कल्चरआधी नमुन्यातले इतर जीवाणू मारायला) सोडियम हायड्रॉक्साइड किती वेळ ठेवलं? चहाला गेलेला टेक्निशियन उशिरा परतला, तर इतर जीवाणूंबरोबर आपला जंतूही मरतो. त्यासाठी माझ्या लॅबमध्ये भिंतीवर स्वयंपाकघरातला टायमर टांगलेला आहे.

बाकीच्या किरकोळ, पण दर वर्षीच्या चुका:

एक्स-रे वाचणाऱ्याला बेडक्याचा रिपोर्ट आधीच माहीत असतो. सांगू नका.

'इनव्हॅलिड' आणि 'एरर' आलेले निकाल गुपचूप वगळले जातात. ते मोजा आणि लिहा, मशीन किती वेळा रुसलं हाही निष्कर्षच आहे.

क्लिनिकल ट्रायल असेल तर सीटीआरआयवर (भारतातल्या ट्रायलच्या सरकारी नोंदवहीत) नोंदणी पहिला पेशंट घेण्याआधी. १ एप्रिल २०१८ पासून मागाहून नोंदणी होत नाही. माझ्या ओळखीने काही होईल का, असं विचारू नका.

माहिती नाही म्हणून ० भरलेलं. ० म्हणजे शून्य, माहिती नाही म्हणजे रिकामा रकाना.

एक्सेलमध्ये ३ एप्रिलचा ४ मार्च झालेला. त्यामुळे निदानाच्या आधीच उपचार सुरू झालेले तीन पेशंट गेल्या वर्षी सापडले. तारखेसाठी दिवस, महिना, वर्ष असे तीन वेगळे रकाने करा.

आणि फाइल पाठवताना कच्चा डेटा पाठवा, हात न लावलेला. 'फायनल_फायनल_खरंच_फायनल' नावाची फाइल मी उघडत नाही.