व्हॉल्व्हचा जुना रिसीव्हर: आधी कंडेन्सर बघा, मग व्हॉल्व्ह

डिस्पोजलमधला, म्हणजे लष्कराने विकून टाकलेल्या मालातला, जुना रेडिओ रिसीव्हर हाती लागला की नागपुरात लोक आधी व्हॉल्व्ह (काचेच्या रेडिओ नळ्या) शोधायला बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, जातात. थांबा. माझ्या टेबलावर आलेल्या एआर-८८ आणि बीसी-३४८ या महायुद्धाच्या काळातल्या सेटमध्ये खरोखर मेलेला व्हॉल्व्ह फार क्वचित सापडला. सेट बंद पाडतात ते कागदी कंडेन्सर, आणि चांगला व्हॉल्व्हही तेच खातात.

प्लग सरळ भिंतीत खोचू नका. ट्रान्सफॉर्मर जळला तर पुन्हा वाइंडिंग करून घेण्यावाचून गत्यंतर नाही. आधी मागचा व्होल्टेज टॅप, म्हणजे लाइनचा व्होल्टेज निवडायची जागा, बघा. आपल्याकडे रात्री लाइन २४० च्या वर जाते, म्हणून टॅप सर्वांत वरच्या आकड्यावर ठेवा. ११५ व्होल्टच्या अमेरिकी सेटला स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर लागतो. हॅलिक्राफ्टर्सच्या एस-३८ सारख्या सेटला पॉवर ट्रान्सफॉर्मरच नसतो, त्यामुळे त्याची चेसिस, म्हणजे आतला पत्र्याचा सांगाडा, लाइव्ह असू शकते. तो आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरशिवाय उघडू नका.

आता सिरीज बोर्ड घ्या, म्हणजे ज्यात सेटच्या लाइनमध्ये एक बल्ब सिरीजमध्ये येतो तो. त्यात १०० वॅटचा जुना पिवळा बल्बच हवा, एलईडी चालणार नाही. एसीचं डीसी करणारा रेक्टिफायर व्हॉल्व्ह, बहुधा ५वाय३, काढून ठेवा आणि सेट चालू करा. बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक. तसाच लख्ख राहिला तर शॉर्ट आहे, लगेच बंद करा. अर्धा तास ट्रान्सफॉर्मरजवळ बसा. हात लाववत नाही इतका तापला किंवा डांबराचा वास आला तर तिथेच थांबायचं.

फिल्टरचे इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर मी सरसकट बदलतो. जुना डबा चेसिसवर शोभेला राहू द्यावा, फक्त त्याच्या तारा सोडवाव्यात आणि नवे ४५० व्होल्टचे खाली बसवावेत. मूळ ८ किंवा १६ मायक्रोफॅरड असतील तर १० किंवा २२ पुरे. १०० घातले तर रेक्टिफायरवर ताण येतो. मेन्समधून चेसिसला जाणारा कंडेन्सर वाय-२ वर्गाचाच घ्या आणि थ्री-पिन अर्थ जोडा. एचटी, म्हणजे व्हॉल्व्हच्या प्लेटला लागणारा उच्च दाबाचा डीसी पुरवठा, २५० ते ३०० व्होल्ट असते, सेट बंद केल्यावरही ती कंडेन्सरमध्ये राहते. १० किलोओहम, १० वॅटचा रेझिस्टन्स मगरी क्लिपने लावून ती उतरवा, मीटरवर शून्य बघा, मगच बोट आत घाला. आणि चालू सेटमध्ये मोजताना दुसरा हात खिशात.

सगळ्यांत महत्त्वाचा कंडेन्सर पहिल्या ऑडिओ व्हॉल्व्हच्या प्लेटवरून आउटपुट व्हॉल्व्हच्या ग्रिडला जातो. समजा, आउटपुटला ६व्ही६ आहे. रेक्टिफायर परत बसवून सेट चालू करा. मीटरची काळी तार चेसिसला, लाल ग्रिडच्या पिनला. तिथे शून्य दिसायला हवं. एक-दोन व्होल्ट प्लस दिसले की कंडेन्सर गळतोय. मग कॅथोडवर, जिथे साधारण साडेबारा व्होल्ट असतात, तिथे पंधरा-अठरा चढतात, प्लेट लालसर होते आणि थोड्या दिवसांत आउटपुट ट्रान्सफॉर्मर जातो. सेट बंद करून कंडेन्सरचं ग्रिडकडचं टोक सोडवा आणि पुन्हा मोजा. प्लस गेलं तर दोष कंडेन्सरचा. टोक सोडूनही राहिलं तर व्हॉल्व्हमध्ये गॅस आहे, तेव्हा मात्र व्हॉल्व्ह बदला. कंडेन्सर ०.०१ मायक्रोफॅरड, ६३० व्होल्टचा पॉलिएस्टर घ्या. हा काही रुपयांचा तुकडा वेळेवर बदला, एवढी माझी कळकळीची विनंती आहे.

व्हॉल्व्ह पारखायला डोळे पुरतात. काचेच्या आतला चंदेरी डाग दुधासारखा पांढरा झाला असेल तर आत हवा शिरली, तो व्हॉल्व्ह गेला. काचेवर निळसर झाक दिसली तर घाबरू नका, पण इलेक्ट्रोडच्या मधोमध गुलाबी-जांभळा धुरकट उजेड असेल तर तो गॅस आहे. ६एसजी७ सारख्या लोखंडी कवचाच्या व्हॉल्व्हमध्ये काही दिसत नाही. पाच मिनिटांनी हलकेच बोट लावा, गार लागला तर फिलामेंट तुटलंय.

नागपुरात ओलावा पावसाळ्यातच असतो असं समजू नका. मे महिन्यात बाहेर ४५ अंश आणि कोरडं ठाक असतं, पण सेट कूलरच्या झोतात असेल तर त्यावर दिवसभर दमट हवा येत असते. तशा एका सेटच्या बँड स्विचच्या चांदीच्या पात्या काळ्या पडून पायांवर हिरवट थर आलेला मी पाहिलाय. सेट कूलरच्या समोरच्या भिंतीला नको, बाजूला ठेवा. बँड स्विच आयसोप्रोपिल अल्कोहोलने ब्रशने पुसा, पॉलिशपेपर अजिबात नको. चेसिसखाली कुंभारीण माशीची मातीची घरं असतात, ती लाकडी काडीने काढा. लष्करी सेटच्या अंधारात चमकणाऱ्या आकड्यांवर रेडियमचा रंग असू शकतो, तो कधीच खरवडू नका.

एवढं झाल्यावर आवाज तपासा. व्हॉल्यूमच्या मधल्या टोकाला स्क्रूड्रायव्हरचं टोक लावून दांडीला बोट टेकवा, स्पीकरमध्ये घूं आली की ऑडिओ ठीक. मग अँटेना जोडा. एआर-८८डी मध्ये मीडियम वेव्ह आहे, प्रसारणाच्या वेळेत ५८५ किलोहर्ट्झला आकाशवाणी नागपूर शोधा. बीसी-३४८ मध्ये ते मिळणार नाही, कारण त्याचे बँड ५०० किलोहर्ट्झला संपून थेट दीड मेगाहर्ट्झला सुरू होतात. तिथे ७ मेगाहर्ट्झला बीएफओ (एसएसबी आवाज कळण्याजोगा करणारा सेटमधला ऑसिलेटर) लावून हॅम मंडळींची, म्हणजे हौशी रेडिओवाल्यांची, एसएसबी पद्धतीची बोलणी ऐकायला बसा.

आयएफटी, म्हणजे इंटरमीडिएट फ्रिक्वेन्सी ट्रान्सफॉर्मर, त्याच्या आतल्या फिरवायच्या कोअरला हात सगळ्यात शेवटी. ट्यूनिंग नीट असताना ती फिरवून बिघडवलेले सेट माझ्याकडे भरपूर येतात. फिरवायचीच वेळ आली तर आधी मार्करने खूण करा आणि प्लास्टिकची काडी वापरा. लोखंडी स्क्रूड्रायव्हर आत घातला की ट्यूनिंग सरकतं, आणि जुनी कोअर चिरली तर ती बाहेर निघत नाही.