अ‍ॅग्रोमेटच्या, म्हणजे शेतीसाठीच्या हवामानशास्त्राच्या, ट्रेनिंगला जायचंय? आधी वारा किती उंचीवर मोजलाय ते विचारा

डब्ल्यूएमओच्या (जागतिक हवामान संघटना, मुख्यालय जिनिव्हा) फेलोशिपबद्दल मुंबईतली बरीच मुलं विचारतात, म्हणून एकदाच सगळं लिहिते. स्वतः फॉर्म भरून थेट जिनिव्हाला पाठवलात तर काही होणार नाही. अर्ज डब्ल्यूएमओमधल्या देशाच्या पर्मनंट रिप्रेझेंटेटिव्हमार्फतच (कायम प्रतिनिधी) जातो, आपल्याकडे ते म्हणजे आयएमडीचे (भारतीय हवामान विभाग) महासंचालक, त्यामुळे तुमच्या ऑफिसातून वरपर्यंत कागद हलायला पाहिजे आणि तो सावकाशच हलतो. घाबरू नका, फक्त लवकर सुरुवात करा. आणि परदेशच हवा हा हट्ट मला पटत नाही. पुण्याचं आयएमडीचं ट्रेनिंग सेंटर डब्ल्यूएमओचंच रीजनल सेंटर आहे, बाहेरच्या देशांतले लोक तिथे शिकायला येतात, आणि आपल्याला दादरला गाडीत बसलं की झालं.

आता माझं जिथे अडलं ते. एफएओ-५६ चं, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि शेती संघटनेच्या ५६ नंबरच्या पुस्तिकेतलं, पेनमन-मॉन्टिथ समीकरण, हवामानावरून शेतातलं बाष्पीभवन आणि त्यावरून पिकाला लागणारं पाणी काढायचं, १९९८ पासून जगभर वापरतात, तुम्हालाही पाठ असेल. त्यात वारा लागतो २ मीटर उंचीवरचा. एअरपोर्टवर, सिनॉप स्टेशनवर (हवामान खात्याची ठरलेल्या वेळी नोंदी घेणारी केंद्रं) तो मोजतात १० मीटरवर. जमिनीजवळ घर्षणामुळे वारा मंदावतो, म्हणून १० मीटरचा आकडा ०.७४८ ने गुणायचा, म्हणजे ३ मीटर प्रति सेकंद असेल तर समीकरणात जाणार २.२४. आकडा नॉटमध्ये (ताशी सागरी मैल) आला असेल तर आधी ०.५१४ ने गुणा. हे विसरलात तर सॉफ्टवेअर काही बोलत नाही, उत्तर दिसायला छानच येतं, पण बाष्पीभवन जास्त निघतं आणि तुम्ही शेतकऱ्याला गरजेपेक्षा जास्त पाणी द्यायला सांगता, तेही रब्बीत, विहिरीनं तळ गाठलेला असताना. उलटंही होतं, कृषी वेधशाळेतलं यंत्र बऱ्याचदा खालीच बसवलेलं असतं, त्याच्या आकड्याला पुन्हा ०.७४८ लावलं की पाणी कमी पडणार. म्हणून उंची विचारा. दरवेळी विचारा.

जागेचंही तेच. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिमी पाऊस आणि त्याच दिवशी कुलाब्याला ७५ सुद्धा नाही, एकाच शहरात! मग शहापूरच्या भाताला सांताक्रूझचा पाऊस कसा लावणार?

तयार एक्सेल शीट मागत फिरू नका, त्यात उंची कोणती धरलीये ते कोणी सांगत नाही. गाइड असा धरा जो आधी विचारतो, यंत्र कुठे बसवलंय, बाजूला भिंत आहे का झाड आहे. सर्टिफिकेटांचा गठ्ठा दाखवणारे खूप भेटतील.

गणित कच्चं असलं तरी जमतं, खरंच जमतं. कॉमेट या अमेरिकन हवामान-प्रशिक्षण संस्थेचे मेटएड वेबसाइटवरचे धडे फुकट आहेत, तिथून सुरू करा. आणि मंगळवार-शुक्रवारी जिल्ह्याचा कृषी हवामान सल्ला निघतो, पालघरचा किंवा रायगडचा घ्या, फवारणी पुढे ढकला असं लिहिलं असेल तर ते पावसामुळे का वाऱ्यामुळे, हे अंदाजाच्या तक्त्यात स्वतः शोधा.