आरोग्य उपकेंद्रातून दिल्लीपर्यंत जायचंय? सिस्टर, सुरुवात अशी करा

बीड, धाराशिव, हिंगोलीकडच्या कितीतरी सिस्टरांना वाटतं की आपण लसी टोचायच्या, रिपोर्ट भरायचे आणि वरचे निर्णय दुसऱ्याच कुणीतरी घ्यायचे. पण देशभरातल्या नर्सिंगचे नियम ठरवणाऱ्या नॅशनल नर्सिंग अँड मिडवायफरी कमिशनचा 2023 चा कायदा बघा, अध्यक्षपदाला नर्सिंगची पोस्ट ग्रॅज्युएट डिग्री लागते आणि किमान 20 वर्षांचा अनुभव, त्यातली 10 वर्षं नेतृत्वाची. म्हणजे ती खुर्ची नर्सचीच आहे.

शिक्षण थांबवू नका. एएनएम (उपकेंद्रातल्या सिस्टरचा कोर्स) 2 वर्षं, पुढं जीएनएम (जनरल नर्सिंगचा डिप्लोमा) 3, मग पोस्ट बेसिक बीएस्सी 2 आणि एमएस्सी 2, ज्यांनी बारावीनंतर थेट 4 वर्षांचं बीएस्सी केलंय त्यांचा रस्ता जवळचा. नोकरीत असाल तर खात्याची परवानगी लेखीच घ्या, साहेब तोंडी हो म्हणाले म्हणून ॲडमिशन घेऊ नका. आणि एमएस्सीला कम्युनिटी हेल्थ घ्या, माझं ठाम मत आहे, कारण तुमच्या हातात जो अनुभव आहे तो शहरातल्या वॉर्डात मिळत नाही.

तो अनुभव म्हणजे काय ते सांगते. दिवाळीच्या आसपास ऊसतोडीच्या टोळ्या निघतात, त्यात सहा आठवड्यांचं बाळ असतं, पेंटाचा, म्हणजे पाच रोगांवरच्या एकत्रित लसीचा, पहिला डोस तुम्ही दिलेला, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्याचे डोस मात्र येणार कारखान्याच्या फडावर. आशाताईला सोबत घेऊन टोळ्या निघायच्या आधीच मुकादमाकडून नावं घ्या, ड्यू लिस्टशी, म्हणजे कुणाची कुठली लस बाकी आहे त्या यादीशी, ताडून बघा, लसीकरण कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत घालून आईच्या हातात द्या आणि तिला सांगा की कुठल्याही सरकारी दवाखान्यात लस फुकट मिळते. लेकरं परत आली की किती डोस चुकले ते मोजा. किती गेली, किती चुकली, का चुकली, एवढं एका कागदावर मांडून पीएचसीच्या (प्राथमिक आरोग्य केंद्राच्या) मासिक मीटिंगमध्ये उभं राहून वाचा. हात कापतील, वाचा तरी. पुढच्या वर्षी तेच तालुक्याच्या मीटिंगला न्या, एमएस्सीच्या प्रबंधालाही हाच विषय घ्या. नुसती तक्रार केली तर मीटिंग संपली की विसरतात, गावनिहाय आकडे समोर ठेवले की उत्तर द्यावं लागतं.

प्रमोशनची वाट आरोग्य सहायिका, मग जिल्हा सार्वजनिक आरोग्य परिचारिका अशी जाते, वेळ लागतो. तोवर ट्रेन्ड नर्सेस असोसिएशन ऑफ इंडियाची मेंबरशिप घ्या, संघटना 1908 पासूनची आहे, जिल्ह्यात काम करा, राज्य शाखेच्या निवडणुकीत उभ्या रहा, तिथंच इतर राज्यांतल्या सिस्टरांशी ओळखी होतात आणि दिल्लीत आपलं म्हणणं मांडायला माणसं मिळतात. इंग्रजीची भीती असेल तर रोज एक सरकारी परिपत्रक इंग्रजीतून वाचायची सवय लावा, भाषा तीच तीच असते, महिन्या-दोन महिन्यांत सुटत जाते.

आणि राज्याच्या नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन दर 5 वर्षांनी वेळेत रिन्यू करा, ट्रेनिंगची सर्टिफिकेटं फाईलला तारखेवार लावून ठेवा, मुलाखतीच्या आदल्या रात्री शोधत बसू नका.